टेक्निकल डॉक्युमेंट लिहिताय? ॲक्सेसिबिलिटीच्या या चुका टाळा

"आधी डॉक्युमेंट पूर्ण करू, ॲक्सेसिबिलिटीचं शेवटी बघू." नव्या लेखकांकडून हे ऐकलं की मला पुढचं सगळं दिसायला लागतं. शेवटी वेळ उरत नाही, आणि दृष्टिहीन किंवा इतर अपंग वाचकांना वापरता येईल असं न करताच डॉक्युमेंट बाहेर जातं. म्हणून ज्या चुका मला सारख्या दुरुस्त कराव्या लागतात, त्या इथे लिहितोय.

कमांडचा स्क्रीनशॉट डकवणे

माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच. एका सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशन गाइडमध्ये प्रत्येक पायरीला "चित्रात दाखवल्याप्रमाणे कमांड द्या" एवढंच वाक्य होतं आणि खाली टर्मिनलचा स्क्रीनशॉट. सपोर्टला असलेला आमचा एक सहकारी दृष्टिहीन आहे, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, वापरतो. ग्राहकाचा सर्व्हर रात्री बसला तेव्हा ड्यूटी त्याची होती. त्याने गाइड उघडलं तर ऐकू आलं, "ग्राफिक, स्क्रीनशॉट ४." पुढच्या पायरीला, "ग्राफिक, स्क्रीनशॉट ५." टर्मिनल कोळून प्यायलेला माणूस, पण त्या गाइडने त्याला अडवून ठेवलं. शेवटी त्याने मला उठवलं आणि मी एकेक कमांड फोनवर वाचून दाखवली: हायफन एक की दोन, एस मोठा की लहान, मध्ये स्पेस आहे की नाही.

यातली चीड आणणारी गोष्ट म्हणजे तपासणीच्या टूलने हे गाइड पास केलं होतं. अल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राला जोडलेलं लेखी वर्णन, आहे की नाही, एवढंच टूलला कळतं. त्यात कामाचं काही लिहिलंय का, ते माणसानेच बघावं लागतं. टूलचा हिरवा टिक बघून हात झटकणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो.

कमांड, एरर मेसेज, सेटिंगची व्हॅल्यू हे सगळं मजकूर म्हणूनच लिहा. डोळस वाचकालाही चित्रातली कमांड कॉपी करता येत नाही की सर्चमध्ये सापडत नाही. माझी सवय सांगतो: डॉक्युमेंटची एक प्रत काढून त्यातली सगळी चित्रं डिलीट करतो आणि उरलेल्या मजकुरावरून काम करून बघतो. जिथे अडतो, तिथे लिखाण अपुरं आहे.

बोल्ड करून हेडिंग बनवणे

अक्षर मोठं केलं, बोल्ड केलं, झालं हेडिंग! स्क्रीन रीडरला मात्र तो साधा परिच्छेदच वाटतो. वेब पानावर एनव्हीडीएमध्ये एच दाबलं की पुढच्या हेडिंगवर जाता येतं, १ ते ६ आकड्यांनी त्या त्या पातळीच्या. खरी हेडिंग नसतील तर मोठं मॅन्युअल पहिल्या ओळीपासून ऐकत बसावं लागतं. वर्डमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबलं की हेडिंग १ लागतं, यापेक्षा सोपं काय हवं? आणि अक्षर लहान दिसतं म्हणून हेडिंग २ सोडून थेट ४ वापरू नका. दिसणं बदलायचं तर स्टाइल बदला.

पीडीएफ करताना "प्रिंट टू पीडीएफ" वापरलंत तर ही सगळी रचना पुसली जाते. वर्डमधून "सेव्ह ॲज" करूनच पीडीएफ काढा.

बाकीच्या, थोडक्यात

"लाल रकाने भरा" असं लिहू नका. रंग न ओळखणाऱ्याला लाल कुठला ते कळत नाही. रंगासोबत चिन्ह किंवा शब्द द्या.

फिकट करड्या अक्षरांची फॅशन सोडा. डब्ल्यूसीएजी या वेब ॲक्सेसिबिलिटीच्या नियमावलीच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१.

"येथे क्लिक करा" नको. बरेच जण फक्त लिंकची यादी काढून ऐकतात. त्यात दहा वेळा "येथे क्लिक करा" आलं तर कुठली लिंक कशाची, कसं कळणार?

टेबलात मर्ज केलेले सेल टाळा. एक मोठं टेबल फोडून दोन साधी केली, तरी कुणाचं काही बिघडत नाही.

व्हिडिओची आपोआप बनलेली कॅप्शन तशीच सोडू नका. तांत्रिक शब्दांची तिथे हमखास वाट लागते.

आणि मराठी मजकूर जुन्या, यूनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर स्क्रीन रीडर अर्थहीन अक्षरं वाचतो. आधी यूनिकोडमध्ये बदला, मग जोडाक्षरं नजरेखालून घाला, कारण कन्व्हर्टर तिथेच चुकतो. वेब पानावर मराठी भाषेचा कोड एमआर (mr) लावायला विसरू नका.