खीरगंगेच्या गरम कुंडात डुंबायचंय? मग हे वाचा

हिमाचलच्या पार्वती खोऱ्यात, साधारण २९०० मीटरवर हे कुंड आहे, गाडी वरपर्यंत जात नाही, बरशैणीपासून पुढे चालतच जायचं. भुंतर, कसोल, मणिकरण करत बरशैणीला बसने पोचता येतं, पैसे मात्र कसोलमध्येच काढून ठेवा कारण वर कॅशशिवाय काही चालत नाही. पहिल्यांदा जाणार असाल तर नकथान गावावरनं जा, वाटेत रुद्रनागचा धबधबा पण लागतो. कलगा गावावरनं जाणारी वाट जंगलातली, मस्त सावली आहे पण चुकायला होतं, एकट्याने तर नकोच. चार-पाच तास धरा आणि सकाळी लवकर निघा.

आता कुंडाचं. बायकांचं कुंड वेगळं, आडोशाचं आहे, पुरुषांचं उघड्यावर. साबण-शाम्पू अजिबात नाही, लोक ते पवित्र मानतात, तिथे दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांना तर खरंच खाली हाकललं पाहिजे. घामेजल्या अंगाने लगेच उडी मारू नका, थोडा दम खा, पाणी प्या, मग आधी पाय सोडून बसा आणि हळूहळू उतरा. दहा-पंधरा मिनिटं बास, जास्त बसलं की उठताना गरगरतं, बीपी किंवा हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच उतरा. टॉवेल, कोरडे कपडे आणि कानटोपी काठावरच हाताशी ठेवा, बाहेर आल्या आल्या जी थंडी वाजते ना, विचारू नका!

चालणं झेपणार नसेल तर मणिकरणला गुरुद्वारात आंघोळीची सोय आहे. तिथल्या उघड्या झऱ्यात मात्र हात घालू नका, त्यात लंगरचा भात शिजतो.