रोल्स-रॉइस फँटम थ्री: बॉडी चकाचक, इंजिन धोक्यात? या चुका टाळा

१९३६ ते १९३९ या काळात इंग्लंडमधल्या डर्बीच्या कारखान्यातून फँटम थ्रीच्या सातशेहून थोड्या जास्त चासी (गाडीचा इंजिनासकट सांगाडा) बाहेर पडल्या. सुमारे ७.३ लिटरचं व्ही-१२, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन आणि २४ स्पार्क प्लग. कंपनीचे सहसंस्थापक हेन्री रॉइस १९३३ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचा हात लागलेली ही शेवटची मोठी गाडी. ती खराब होते ती पळवल्यामुळे नाही, तर तिचं तेल आणि पाणी कुणी बघत नाही म्हणून.

सगळ्यात महागात पडते ती इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याकडे केलेली डोळेझाक. इंजिनाचा ब्लॉक आणि हेड ॲल्युमिनियमचे, सिलिंडरचे लायनर (आतल्या नळ्या) मात्र ओतीव लोखंडाचे, आणि पाणी थेट लायनरला लागतं. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. त्यात नळाचं किंवा बोअरचं जड पाणी भरलं तर क्षार आणि गाळ ब्लॉकच्या आत साचतो. रेडिएटर स्वच्छ दिसतो, पण आतले सिलिंडर तापत असतात. म्हणून ॲल्युमिनियमला चालणारं कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरा आणि ठरावीक काळाने बदला. गळती थांबवणारी पावडर टाकणं तर पूर्ण टाळा. ती छिद्र बुजवते तशी पाण्याची वाटही बुजवते.

दुसरी चूक तेलाची. सुरुवातीच्या गाड्यांना हायड्रॉलिक टॅपेट होते, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे, तेलाच्या दाबावर चालणारे भाग, आणि त्यांना जराही कचरा सहन होत नाही. टॅपेट अडकला की खडखड सुरू होते, पुढे त्याला ढकलणारा कॅमही झिजतो. वर्षानुवर्षांची काजळी तळाशी बसलेल्या इंजिनात आजचं डिटर्जंट तेल एकदम ओतलं, तर ती सुटून नेमकी टॅपेटकडे जाते. आधी ऑइल पॅन (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) उतरवून साफ करून घ्या. १९३८ मध्ये कंपनीने साधे, गॅप सेट करता येणारे टॅपेट आणले आणि जुन्या गाड्यांतही पुढे ते बसवले गेले. त्यामुळे सालावर विसंबू नका, आपल्या इंजिनात काय आहे ते उघडून पाहा, मगच पाना हातात घ्या.

इग्निशनच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या दोन यंत्रणा आहेत, दोन कॉइल, दोन डिस्ट्रिब्युटर. एक बंद पडली तरी गाडी चालत राहते, म्हणून बिघाड लक्षातच येत नाही. दोन्ही आळीपाळीने तपासा. ओढ कमी वाटली की लोक आधी कार्ब्युरेटर खोलतात, ते नको.

चासीला तेल पोचवायला ड्रायव्हरजवळ एक दांडा आहे. तो ओढला म्हणजे काम झालं असं धरू नका. नळ्या तुंबल्या असतील तर सांधे कोरडेच राहतात. गाडीखाली जाऊन प्रत्येक सांध्याशी तेल ओलं दिसतंय का, ते बघा.

ब्रेकचा सर्व्हो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा, गिअरबॉक्सवर चालतो, म्हणजे चाकं फिरत असतील तरच त्याची मदत मिळते. उभ्या गाडीत पेडल दाबून ब्रेक बरे आहेत असं ठरवू नका. मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात गाडी पुढे नेऊन तपासा, मगच गर्दीत न्या.