करिअर ठरवताना वर्तनशास्त्राचा आधार घेताय? या चुका टाळा

सन १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे म्हणून एक वर्णन दिले. ते कितपत जुळते, असे विचारल्यावर विद्यार्थ्यांनी त्याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वास्तविक सर्वांच्या हाती एकच मजकूर होता आणि तो बराचसा ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचललेला होता. ऑनलाइन चाचणीचा निकाल वाचून 'अगदी मीच हा!' असे वाटणे म्हणजे चाचणी अचूक असल्याचा पुरावा, असे समजणे ही पहिली आणि सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. निकालातले प्रत्येक वाक्य आपल्या अगदी उलट स्वभावाच्या भावंडाला लावून पाहावे आणि त्यालाही लागू पडत असेल तर ते खोडून टाकावे. बहुधा फारसे काही उरत नाही. मायर्स-ब्रिग्जसारख्या व्यक्तिमत्त्व चाचण्या स्वभावाच्या चार जोड्यांतून (उदा. अंतर्मुख की बहिर्मुख) एकेक अक्षर देतात; त्या चार अक्षरांच्या शिक्क्यावरून शाखा किंवा नोकरी निवडू नये, कारण दोन टोकांच्या मधे असलेल्या माणसाचे एखादे अक्षर काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिल्यावर सहज बदलते.

दुसरी चूक म्हणजे सगळे प्रश्न स्वतःलाच विचारणे. मानसशास्त्रज्ञ सिमिन वझीर यांच्या २०१० मधील संशोधनानुसार आपली चिंता आणि अस्वस्थता आपल्याला इतरांपेक्षा अधिक चांगली कळते, परंतु बुद्धिमत्ता आणि सर्जनशीलता यांबाबत मित्रांचा अंदाज आपल्यापेक्षा सरस ठरतो. तरीही 'माझ्यात काय चांगले आहे?' असे मित्राला विचारून उपयोग नाही, कारण तो भिडेपोटी गोडच बोलणार. त्याऐवजी सहकाऱ्याला विचारावे, 'गेल्या सहा महिन्यांत कोणते काम माझ्याकडे आपणहून दिलेत आणि कोणते द्यायचे टाळलेत?'

वेळेचा अंदाज ही तिसरी अडचण. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी सुमारे ३४ दिवसांचा अंदाज दिला होता आणि प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. सगळेच बिनसले तर किती लागतील, हा त्यांचा आकडाही त्याहून कमीच होता. म्हणून नवे कौशल्य शिकण्याचे वेळापत्रक मनाने आखण्यापूर्वी, तोच अभ्यासक्रम नोकरी सांभाळून पूर्ण केलेल्या तीन-चार जणांना किती महिने लागले ते विचारून घ्यावे.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र घातलेल्या वर्षांकडे पाहून पुढचे वर्ष ठरवण्याची. पुण्याच्या पेठांतील स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये 'इतकी वर्षे दिली, आता मागे कसा फिरू?' हे वाक्य इतके रुळले आहे की त्यातली गफलत कोणाला खटकतही नाही. खर्च झालेली वर्षे थांबले तरी परत येत नाहीत आणि पुढे गेले तरी येत नाहीत; विचार करायचा तो फक्त पुढच्या वर्षाचा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला सुमारे १० लाख अर्ज येतात आणि निवड हजाराच्या आसपास होते, ही गोष्ट पहिल्या प्रयत्नापूर्वी सर्वांना ठाऊक असते, तिसऱ्यानंतर ती आठवेनाशी होते.

यावर उपाय म्हणून थांबण्याची अट आधीच लिहून ठेवायला सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. पण लिहिणाराच तिचा राखणदार असेल तर ती टिकत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाने वहीच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत लिहिले होते, 'तिसऱ्या प्रयत्नात पूर्व परीक्षा निघाली नाही तर नोकरी.' पुढे 'तिसऱ्या'वर काट मारून काळ्या शाईत 'चौथ्या' आले आणि त्याच्या पुढच्या वर्षी ते पानच वहीत नव्हते. त्यानंतर त्याने तारखेसह नवी अट लिहिली, खाली सही केली आणि कागद साताऱ्याला थोरल्या ताईकडे पाठवून दिला. ताईने तो गॅसच्या सिलिंडरच्या पावत्यांबरोबर डब्यात ठेवला आहे.