लाइन गेली तरी तास थांबू नये: आंतरवासितेला निघालेल्या छात्राध्यापकांसाठी

आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावकाळातल्या, पाठ टाचणात (तासाच्या लेखी आराखड्यात) ‘तंत्रज्ञानाचा वापर’ हा रकाना असतो आणि पुष्कळदा तो ‘व्हिडिओ दाखवला’ एवढ्यावर भरला जातो. कितव्या मिनिटाला दाखवला, कशासाठी दाखवला, दाखवताना लाइन (वीजपुरवठा) गेली असती तर काय केले असते, यातले काहीच त्यात येत नाही. पुढची माहिती दोन-तीन खोल्यांच्या, एकाच शिक्षकाकडे दोन वर्ग असलेल्या विदर्भातल्या खेड्यातील शाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. मुळाशी एकच नियम आहे. तास आधी खडू-फळ्यावर पूर्ण बसवायचा आणि मग त्यात फळ्याला जे जमत नाही तेवढ्याच जागी पडदा आणायचा.

आधी खोली पाहा

पाठाच्या किमान दोन दिवस आधी शाळेत जा, आणि जाल ते ज्या वेळेला तुमचा तास आहे त्याच वेळेला. सकाळच्या शाळेत पूर्वेच्या खिडकीतून येणारे ऊन टीव्हीवर पडले की चित्र दिसतच नाही, दुपारी तीच खोली ठीक असते. टीव्ही हलवता येत नसेल तर मुलांची बसण्याची दिशा बदला. खिडकीला सतरंजी लावायचा मोह मार्च-एप्रिलमध्ये टाळा, कारण टिनाच्या खोलीत वारा बंद केला तर दहा मिनिटांत मुलांचे लक्ष जाते.

अंतर टेपने मोजा. ४३ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची साधारण ५३ सेंटिमीटर असते. अक्षर वाचायचे असेल तर शेवटचे मूल पडद्याच्या उंचीच्या सहा पटीपेक्षा, म्हणजे सव्वातीन मीटरपेक्षा, लांब नको. बाक मागे सरकवून मुलांना पट्ट्यांवर खाली बसवले की तीस मुले या अंतरात मावतात. पहिली रांग दीड मीटरवर ठेवा. टीव्ही उंच भिंतीवर टांगलेला असेल तर पहिल्या रांगेच्या माना दुखतात, ती रांग आणखी मागे घ्या.

प्रोजेक्टरच असेल तर खिडकीसमोरची भिंत सोडा, खिडकी ज्या भिंतीत आहे तीच भिंत घ्या. तिच्यावर थेट उजेड कमी पडतो. दिवा असलेला प्रोजेक्टर बंद केल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत, दोन-तीन मिनिटे, पिन काढू नका. गरम दिव्याची हवा एकदम थांबली की दिव्याचे आयुष्य घटते.

मग बोर्ड पाहा. थ्री-पिन आहे का, अर्थिंग आहे का, पिन सैल बसते का. सैल पिन ठिणगी टाकते आणि टीव्ही मध्येच बंद-चालू होतो. टीव्हीच्या मागच्या पट्टीवर किती व्होल्टपासून तो चालतो ते छापलेले असते, बहुतेकांवर १०० ते २४० असते. रब्बीत मोटारी चालू असताना व्होल्टेज फार उतरले आणि टीव्ही सारखा रीस्टार्ट होऊ लागला, तर दोष टीव्हीचा नसतो. तो बंद करून ठेवा.

पेन ड्राइव्ह आणि फोन

वर्गात इंटरनेट नाही असे धरूनच निघा. १६ किंवा ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या आणि तो फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट करा, कारण जुने टीव्ही दुसरी पद्धत वाचत नाहीत. या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, पण वर्गासाठी तेवढी मोठी लागतही नाही. व्हिडिओ एमपी ४, एच २६४ प्रकारचा, ७२० रिझोल्यूशनचा ठेवा. नवे फोन एच २६५ मध्ये रेकॉर्ड करतात. ते जुन्या टीव्हीवर लावले की आवाज येतो आणि चित्र येत नाही. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये हे आधीच बदलता येते. फाइलचे नाव रोमन अक्षरांत आणि आकड्यांत द्या, काही टीव्हींवर देवनागरी नावाच्या जागी चौकोन दिसतात.

ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेला व्हिडिओ पेन ड्राइव्हवर जात नाही, तो त्या ॲपच्या आतच राहतो. इथेच सर्वांत जास्त गफलत होते. दीक्षा हे शालेय साहित्याचे सरकारी ॲप २०१७ पासून आहे आणि बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड त्यातून उघडतात. साहित्य तालुक्याच्या गावी, रेंज असताना उतरवून घ्या आणि नंतर फोन एअरप्लेन मोडवर टाकून प्रत्येक गोष्ट शेवटपर्यंत उघडून पाहा. अर्धवट उतरलेली फाइल वर्गातच कळली तर उपाय नसतो.

फोनची तार टीव्हीला लावून चित्र येईल असे गृहीत धरू नका. स्वस्त फोनच्या सी-पोर्टमधून चित्र बाहेर पडत नाही, ॲडॉप्टर कितीही चांगला असला तरी. तार न लावता दाखवायचे असेल तर ते त्याच टीव्हीवर, त्याच फोनने आधी करून पाहा. आवाजासाठी ब्लूटूथ स्पीकरपेक्षा तारेचा बरा. ब्लूटूथमध्ये आवाज ओठांच्या मागे राहतो. टिनावर पाऊस पडत असताना कुठलाच स्पीकर पुरत नाही, त्या दिवशी व्हिडिओ मुका ठेवून फळ्यावर शब्द लिहा.

विज्ञान-गणितासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट ही सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हाताळायचे प्रयोग, फार उपयोगी आहेत. त्यातली बरीच मराठीत आहेत आणि प्रत्येक सिम्युलेशन एका फाइलच्या रूपात उतरवून इंटरनेटशिवाय फोनच्या ब्राउझरमध्ये चालते. विद्युत परिपथाचे सिम्युलेशन दाखवायचे ते सेल, वायर आणि बल्ब मुलांच्या हाताने जोडून झाल्यावर. आधी दाखवले तर मुले खऱ्या सैल जोडणीला घाबरतात, कारण पडद्यावरची जोडणी कधी सैल पडत नाही.

स्लाइड करणार असाल तर युनिकोड मराठीतच टंकलिखित करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेले काम दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हे होऊन उघडते. अक्षर ३२ पॉइंटपेक्षा लहान नको, आणि एका स्लाइडवर सहा ओळींच्या पुढे जाऊ नका.

एक पूर्ण उदाहरण: बीज अंकुरताना

ही जागा फळ्याला जमत नाही, कारण अंकुरण आठवडाभर चालते आणि तास ३५ मिनिटांचा असतो. तयार व्हिडिओ मिळतो, पण तो परक्या बीचा असतो. आपल्या गावच्या हरभऱ्याचा आणि सोयाबीनचा स्वतः तयार करा.

दोन काचेचे ग्लास घ्या. आत काचेला चिकटून टिपकागदाची किंवा जाड कागदी रुमालाची गुंडाळी बसवा. कागद आणि काच यांच्यामध्ये एका ग्लासात सहा हरभरे, दुसऱ्यात सहा सोयाबीन अडकवा, तळाशी दोन सेंटिमीटर पाणी ठेवा. बी पाण्यात बुडता कामा नये. सोयाबीन तर बुडाले की सडतेच आणि वास येतो. बी घरच्या डब्यातले घ्या. दुकानातल्या पाकिटातल्या रंगीत बियाण्याला औषध लावलेले असते, ते मुलांच्या हाती अजिबात देऊ नका. सरकीचा प्रयोग याच कारणाने टाळावा.

ग्लासाभोवती आणि फोन टेकवायच्या विटेभोवती खडूने रेघ आखा. सोमवारी सुरू करा आणि दिवसातून तीनदा, परिपाठानंतर, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना, त्याच जागेवरून फोटो काढा. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर काचेवर पांढरा ठिपका येतो. झूम वापरू नका. शनिवारपर्यंत अठरा फोटो होतात. सेकंदाला एक याप्रमाणे ते अठरा सेकंदांचा व्हिडिओ होतात, किंवा नुसतेच क्रमाने पेन ड्राइव्हवर टाकले तरी चालते.

तासाची वाटणी अशी. पहिली दहा मिनिटे खऱ्या ग्लासाभोवती मुले आणि एकच प्रश्न: आधी मूळ निघते की कोंब? उत्तरे फळ्यावर लिहून ठेवा, चूक-बरोबर सांगू नका. मग अठरा सेकंदांचा व्हिडिओ तीनदा लावा: पहिल्यांदा न बोलता, दुसऱ्यांदा पाचव्या फोटोवर थांबवून, तिसऱ्यांदा मुलांना बोलायला लावून. बीचे दोन दल कुठे गेले ते विचारा. सोयाबीनमध्ये ते वर येऊन हिरवे होतात, हरभऱ्यात खालीच राहतात. तुरीचेही खालीच राहतात, आणि कास्तकाराच्या घरची मुले हे वावरातून सांगतात. पडद्याचे काम इथे सहा-सात मिनिटांत संपले. उरलेल्या वेळात वहीत आकृती काढायची.

वर्ग जोडलेले असतील तर दुसऱ्या इयत्तेला टीव्ही लावण्याआधी लेखी काम देऊन त्यांची तोंडे दुसऱ्या भिंतीकडे करा. तरीही ती मुले बघणारच. म्हणून आवाज बंद ठेवून तुम्ही स्वतः बोलणे बरे. तुमचा आवाज तुम्ही कमी करू शकता, थांबवू शकता.

भाषा

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, यवतमाळात कोलामी बोलणारी मुले पहिली-दुसरीत असतात. कोरकू मुंडा कुळातली, गोंडी-कोलामी द्रविड कुळातली. मराठी शब्दावरून अंदाज बांधायला त्यांना आधार नसतो. पुस्तकी मराठीतला वेगवान व्हिडिओ त्यांच्यापुढे नुसता हलत राहतो. इथे तंत्रज्ञानाचा सर्वांत मोलाचा उपयोग फोनच्या रेकॉर्डरचा आहे. पाठातले दहा-बारा शब्द निवडा आणि एखाद्या पालकाकडून ते त्यांच्या भाषेत म्हणवून घ्या. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब, एका शब्दाची एक फाइल. वर्गात आधी घरचा शब्द, मग मराठी शब्द, मग वस्तू किंवा चित्र. उच्चार तुम्ही चुकलात तर मुलांनाच दुरुस्त करू द्या, ती आवडीने करतात.

लाइन, इन्व्हर्टर, वीज

१२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवरची असते. ती निम्म्याखाली उतरवू नये आणि इन्व्हर्टरही काही खातो, म्हणून हाती सुमारे ७०० धरा. ८० वॅटचा टीव्ही आणि ७५ वॅटचे दोन पंखे मिळून २३०, म्हणजे नव्या बॅटरीवर तीन तास. जुनी असेल तर तासाभराचाही भरवसा नको. पाणी शेवटचे कधी टाकले ते मुख्याध्यापकांना विचारा.

इन्व्हर्टर नसेल तर फोनवरचा पर्याय टाचणातच लिहा. तीस मुलांचे सहा गट, प्रत्येकाला दोन मिनिटे फोन, म्हणजे बारा मिनिटे, आणि बाकीचे गट तेव्हा ग्लास बघून आकृती काढतात. उन्हाळ्यात फोन खिडकीत ठेवू नका. तापला की तो उजेड कमी करतो आणि चार्जिंग थांबवतो.

पावसाळ्यात गडगडाट ऐकू आला की टीव्हीची पिन आणि डिशची केबल दोन्ही काढा, नुसते बटण बंद करून भागत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचे दामिनी ॲप जवळपास वीज पडण्याची सूचना देते, ते फोनवर असू द्या.

मुलांचे फोटो किंवा आवाज घेण्याआधी मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी घ्या आणि ते स्टेटसवर टाकू नका. आंतरवासिता संपताना पेन ड्राइव्हवरच्या फाइली शाळेच्या संगणकात उतरवून द्या, सोबत एका कागदावर कोणती फाइल कोणत्या पाठाची, किती मिनिटांची आणि कुठे थांबवायची ते लिहून टीव्हीच्या मागे चिकटवा.