क्रॉनटॅबचे पाच रकाने सापडत नाहीत?

क्रॉनटॅब म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालवायच्या कमांडचं वेळापत्रक. लिनक्सवर 'मॅन क्रॉनटॅब' ('मॅन' ही मदतपुस्तिकेचं पान दाखवणारी कमांड) उघडून मिनिट, तास, वार कुठल्या क्रमाने लिहायचे हे शोधत बसलात, तर हाती काही लागत नाही. तिथे फक्त कमांडचे पर्याय. रकान्यांची माहिती मदतपुस्तिकेच्या पाचव्या विभागात आहे: 'मॅन ५ क्रॉनटॅब'. (फाइलींची रचना पाचव्यात, सी या प्रोग्रॅमिंग भाषेची लायब्ररी फंक्शन्स तिसऱ्यात. म्हणून सीमधला प्रिंटएफ हवा तर 'मॅन ३ प्रिंटएफ', नाहीतर त्याच नावाच्या शेल कमांडचं पान पुढे येतं.) पाचव्या विभागाची ही वाट पहिल्या पानाच्या तळाशी एका ओळीत सांगितलेली असते, तिथवर मी कित्येक दिवस पोचलोच नव्हतो! पान उघडलं की शिफ्ट-जी दाबा, थेट तळ. शब्द शोधायला तिरकी रेघ, पुढच्या जागी जायला एन. कमांडचं नावच आठवत नसेल तर 'मॅन', डॅश, के आणि विषयाचा इंग्रजी शब्द.