कासवांचं काम करायला कोकणात येताय? आधी परवानगीचं बघा

दर फेब्रुवारीत वेळास-आंजर्ल्याचे पिल्लांचे व्हिडिओ फिरायला लागले की मला मेसेज येतात, ताई कासवांसाठी काम करायचंय, सुरुवात कुठून करू. त्या सगळ्यांसाठी एकदाच लिहितेय. आपल्या किनाऱ्यावर अंडी घालणारी ऑलिव्ह रिडले ही समुद्री कासवं म्हणजे काय, ती संकटात का आहेत, हे तुम्ही वाचलेलं असणार, ते परत सांगत बसत नाही.

काम शिकायचं असेल तर फेब्रुवारीत येऊ नका. पाहुणे म्हणून जरूर या, गावात राहा, जेवा, त्या पैशाचा गावाला खरंच आधार होतो. पण शिकायला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये या, माद्या अंडी घालायला लागतात तेव्हा. तेव्हा गर्दी नसते, कॅमेरे नसतात, पहाटे अंधारात उठून अख्खा किनारा चालायचा आणि बऱ्याच दिवशी हाती काहीच लागत नाही. हे दोन आठवडे करून बघा आणि तरी पहाटे उठावंसं वाटलं तर तुमचं जमेल, घाबरू नका.

शिकायचं कुणाकडून तर गावातल्या कासवमित्राकडून, म्हणजे किनाऱ्यावर फिरून कासवांची घरटी शोधणाऱ्या, राखणाऱ्या गावकऱ्याकडून. ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सवर पैसे घालवू नका हे माझं ठाम मत आहे, कुणाला राग आला तर येऊ दे. वाळूवरचा माग बघून मादीने अंडी घातली की नुसती फिरून परत गेली हे कासवमित्र सांगतो, वाळूत काठी किती हलक्या हाताने घालायची ते त्याच्या मनगटाला माहीत असतं. अंडी शंभरेक निघतात आणि काढताना एकही उलटंपालटं होता कामा नये, कारण घातल्यावर काही तासांतच गर्भ आतून कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, त्यानंतर अंडं फिरलं की तो मरतो. मग हॅचरीत, म्हणजे अंडी सुरक्षित उबावीत म्हणून किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत, परत घरट्यासारखाच सुरईसारखा, वर अरुंद खाली रुंद, साधारण दीड फूट खोल खड्डा करून पुरायची. तारीख, वेळ, अंड्यांची संख्या तिथल्या तिथे लिहायची, घरी जाऊन नाही. वाळूचं तापमान पण लिहा, कारण नर होणार की मादी ते त्यावर ठरतं, वाळू जास्त तापली की माद्याच जास्त निघतात, आणि उन्हाळे असे वाढत असताना त्या नोंदी फार मोलाच्या आहेत.

आता जिथे मी अडकले ते सांगते, आणि इथे जरा लांबण लावणार आहे.

ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या शेड्यूल १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, वाघाच्या बरोबरीने. या कायद्यात शिकारीची व्याख्या एवढी मोठी आहे की प्राणी पकडणं तर त्यात येतंच, पण सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटं हलवणं, विस्कटणं पण येतं. म्हणजे चांगल्या हेतूने का असेना, परवानगीशिवाय अंड्यांना हात लावला तर कायद्याच्या नजरेत तो गुन्हा आहे. हॅचरी चालतात त्या वनविभागाच्या देखरेखीखाली, त्यामुळे तिथे मदत करणाऱ्याला वाटतं आपलं सगळं रीतसर आहे. मदतीपुरतं असेलही. पण तुम्ही तिथे स्वतःचा अभ्यास करणार असाल, मोजमापं घेणार, पिल्लं हातात धरणार, थिसिस लिहिणार, तर त्या कामाची वेगळी परवानगी लागते, मुख्य वन्यजीव रक्षकांची, त्यांचं ऑफिस नागपूरला, आणि त्या कागदावर तुमचं नाव आणि तुमचा विषय असावा लागतो. मला सांगितलं गेलं की संस्थेकडे आहे परवानगी, तू बिनधास्त जा. गेले. सीझनभर राबले. पुढे जर्नलला पेपर पाठवायच्या वेळी त्यांनी परवानगीचा नंबर मागितला आणि माझ्या नावाचा कागदच नव्हता. नोंदींची ती वही अजून माझ्याकडे आहे, त्यातला एक आकडा कुठे छापता येत नाही.

म्हणून सांगते, गाईड कितीही मोठा असो, तोंडी 'आहे' म्हटलं की कागद दाखवा म्हणायचं. कागद दाखवायला जो चिडतो तो गाईड नको. आणि अर्ज उन्हाळ्यातच टाका, फाइल फिरायला महिने जातात, ऑक्टोबरमध्ये जागे झालात तर ते वर्ष गेलं समजा.

हे वाचून पाय मागे घेऊ नका. कागद नसला तरी पहाटे कासवमित्रासोबत चालता येतं, कुंपणाबाहेरून बघता येतं, नोंदवहीत मदत करता येते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने, भाऊ काटदरेंनी २००२ मध्ये वेळासला काम सुरू केलं तेव्हा तिथली अंडी खाल्ली जायची. त्याच गावात २००६ पासून कासव महोत्सव होतोय. आणि अजून कितीतरी कळायचं बाकी आहे. ओडिशात गहिरमाथ्याला २०२१ मध्ये टॅग (ओळखीचा नंबर असलेला बिल्ला) लावलेली मादी २०२५ मध्ये आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगळी धरून चालणाऱ्यांना त्या एका टॅगने परत विचार करायला लावलं.

पैशाचं स्पष्ट सांगते, सीझन पाचसहा महिन्यांचा, पगार प्रोजेक्ट असेल तोवर. मी अजून कॉन्ट्रॅक्टवरच आहे आणि दर पावसाळ्यात पुढच्या वर्षाचं टेन्शन असतं. घरचा आधार नसेल तर दुसरं एखादं काम हाताशी ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

आणि फक्त पिल्लांमध्ये रमू नका. मोठी कासवं मासेमारीच्या जाळ्यात मरतात, म्हणून जेट्टीवर जाऊन बसा, मच्छीमारांशी ओळख वाढवा. संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापावं लागलं तर राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं, ही योजना २०१८ पासून आहे, पण अर्ज भरून द्यायला कुणी नसतं. ते तुम्ही करू शकता, त्याला नागपूरची परवानगी लागत नाही. पावसाळ्यात जखमी कासवं किनाऱ्याला लागतात, डहाणूला त्यांच्यासाठी उपचार केंद्र आहे. असं कासव दिसलं तर परत पाण्यात ढकलू नका, दमलेलं असतं, बुडून मरतं. सावलीत ठेवा, कुत्री लांब ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ ला फोन लावा.