इंदूरहून न्यायासनाकडे: तयारी कशी करावी

इंदूरच्या मराठी घरातील मुलाला किंवा मुलीला न्यायाधीश व्हायचे असेल, तर आरंभी दोन वाटांतील फरक समजून घ्यावा. पहिली वाट दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेची. मध्य प्रदेशात ही परीक्षा उच्च न्यायालयच घेते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ मधील निर्णयानुसार तिच्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली आवश्यक ठरली आहे.

ही तीन वर्षे केवळ दाखल्यापुरती काढू नयेत, असे मी कळकळीने सांगेन. ज्येष्ठ वकिलाकडे दाव्यांचे मसुदे लिहावेत, उलटतपासणी शेवटपर्यंत ऐकावी, आणि रोज एका निकालातील मुद्दे, पुरावा व कारणमीमांसा वेगवेगळी करून स्वतःच्या शब्दांत मांडावी. कारण हरलेल्या पक्षालाही समजतील अशी कारणे लिहिणे हे न्यायाधीशाचे सर्वांत अवघड काम आहे. येथील कनिष्ठ न्यायालयांत हिंदी चालते, म्हणून मराठी भाषकांनी हिंदी लेखनाचा वेगळा सराव करावा.

दुसरी वाट दीर्घ वकिलीची. जिल्हा न्यायाधीशपदावर थेट येणाऱ्या वकिलाला सात वर्षांचा अनुभव लागतो, तर उच्च न्यायालयासाठी संविधानाच्या अनुच्छेद २१७ नुसार दहा वर्षांची वकिली किंवा तितकेच न्यायिक पद लागते. तेथे परीक्षा नसते. मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठतम न्यायमूर्ती नावाची शिफारस करतात. निवृत्ती ६२ व्या वर्षी होते, आणि अनुच्छेद २२२ नुसार दुसऱ्या राज्यात बदलीही होऊ शकते, याची कुटुंबाला आधीच कल्पना द्यावी.